उत्तर मुंबईची निवडणूक, १९६२

तिसऱ्या लोकसभेसाठी फेब्रुवारी १९६२मध्ये झालेली, देशभर गाजलेली लढत. मुंबईच्या उपनगरांतल्या या मतदारसंघात काँग्रेसचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासमोर आचार्य जे. बी. कृपलानी उभे होते. प्रजासमाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष कृपलानींच्या पाठीशी, तर कम्युनिस्ट मेननांच्या.

चीनचा धोका मेननांनी ओळखला नाही, सैन्याची तयारी केली नाही, हा कृपलानींचा मुख्य आरोप. मेननांसाठी खुद्द पंडित नेहरू प्रचाराला उतरले. दोनच महिन्यांपूर्वी गोवा मुक्त झाला होता, त्याचा उत्साह होताच. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी निवडून आले.

पण मतदाराच्या हाती माहिती किती होती? अक्साई चीनमधून चीनने बांधलेल्या रस्त्याची कबुली सरकारने संसदेत दिली ती १९५९च्या ऑगस्टअखेर. रस्ता १९५७मध्येच पुरा झाला होता. सीमेवरची ठाणी पुढे सरकवण्याचा निर्णय नोव्हेंबर १९६१चा, बंद दाराआडचा. त्या ठाण्यांना रसद, दारूगोळा, गरम कपडे कसे पोचणार, हा खरा प्रश्न होता. जवानांच्या जिवाशी बांधलेली ही गोष्ट मत मागताना लोकांपुढे मांडायलाच हवी होती.

१२ ऑक्टोबर १९६२ रोजी श्रीलंकेला निघालेल्या नेहरूंनी पालम विमानतळावर पत्रकारांना सांगितले, की चिन्यांना हुसकावण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. आठ दिवसांनी चीनने हल्ला चढवला. संसद भरली ८ नोव्हेंबरला. राज्यघटनेत युद्ध हा केंद्र सूचीतला विषय आहे; ते सुरू करण्याआधी संसदेची मंजुरी घेण्याची सक्ती नाही. १४ नोव्हेंबरला खासदारांनी उभे राहून आक्रमकांना हटवण्याचा ठराव संमत केला.

तोवर मेननांचे मंत्रिपद गेले होते. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीत आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे शब्द तेव्हाचेच. १९६७मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर मेनन घाटकोपर-मुलुंडच्या ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेननांना हरवले.

चीनबरोबरच्या युद्धातल्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल १९६३मध्ये सादर झाला. चव्हाणांनी त्यावर लोकसभेत निवेदन केले, अहवाल मात्र गुप्तच ठेवला. २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग उघड केला. सरकारने तो अजून प्रसिद्ध केलेला नाही.