सही कुणाची?

आमच्याकडे ज्याने कोड लिहिला त्यानेच तो पास करायचा नाही, असा साधा नियम आहे. इंग्लंडात मरणाच्या दाखल्याला हाच नियम लागायला दीडशे वर्षं गेली!

१८७४ च्या कायद्याने शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरला मृत्यूचं कारण लिहून देणं बंधनकारक केलं. हेतू चांगलाच. पण हाइड गावचा डॉ. हॅरॉल्ड शिपमन डायमॉर्फिन स्वतःच टोचायचा आणि दाखल्यावर सहीही स्वतःच ठोकायचा. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागे खरी, पण तो नुसता सोपस्कार. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी शंका घेतली, तर पोलिसांना म्हणे काहीच सापडलं नाही. त्यानंतरही त्याने माणसं मारली. शेवटी अडकला कशात, तर बनावट मृत्युपत्रात! २००० साली १५ खून सिद्ध झाले. चौकशीचा अंदाज सुमारे २५०.

कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू तिथे स्वतंत्र मेडिकल एक्झामिनर तपासतो, तेही ९ सप्टेंबर २०२४ पासून.

आपल्या १९६९ च्या कायद्यात दाखला उपचार करणारा डॉक्टरच देतो, विनामूल्य. आजी गेली तेव्हा आमच्या डॉक्टरकाकांनी तो दोन मिनिटांत लिहून दिला होता. तेव्हा बरंच वाटलं होतं.