टोंगा रूम

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात नॉब हिल टेकडीवरील फेअरमाँट हॉटेलात असलेला ‘टिकी’ शैलीचा बार व संगीतस्थळ. बांबू, गवती छपरे, कोरीव मूर्ती आणि रम घातलेली फळांची मद्ये, असा काल्पनिक दक्षिण समुद्र उभा करणारे बार कॅलिफोर्नियात 1930 च्या दशकात निघाले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर गेलेले सैनिक परतल्यावर अशा बारना मोठी मागणी आली. ‘माय ताय’ हे प्रसिद्ध पेय ओकलंडच्या ‘ट्रेडर व्हिक्स’ या अशाच बारने 1944 मध्ये तयार केल्याचे मानले जाते.

टोंगा रूमची जागा मुळात 1929 मधील पोहण्याचा तलाव. चित्रपटांचे नेपथ्य करणाऱ्या मेल मेल्विन यांनी 1945 मध्ये तिचे रूप पालटले. तलाव तसाच राहिला, त्याभोवती टेबले मांडली गेली. बँड छपराच्या तराफ्यावर बसतो आणि वाजवतच पाण्याच्या मध्यावर येतो. अधूनमधून ढग गडगडतात, विजा चमकतात, वरच्या नळांतून तलावात पाऊस कोसळतो. कडेला बसलेले गिऱ्हाईक मात्र कोरडेच राहते. नृत्याची फरशी एका जुन्या लाकूडवाहू जहाजाच्या अवशेषांतून केलेली आहे.

पॉलिनेशियन लोकांच्या पूज्य प्रतिमा सजावटीसाठी वापरल्या जातात, हा या शैलीवरील आक्षेप रास्तच आहे. तरीही नेपथ्य आणि जिवंत संगीत यांचा असा मेळ क्वचितच दिसतो. 2009 च्या सुमारास हॉटेलाच्या पुनर्बांधणीच्या योजनेमुळे टोंगा रूम बंद पडण्याची वेळ आली होती. जतनप्रेमी नागरिकांनी विरोध केला आणि ती टिकली.