काँडाइलची अतिवृद्धी आणि अस्थि-स्कॅन

खालच्या जबड्याचे हाड कानाच्या पुढे ज्या गोलसर टोकाने कवटीशी सांधलेले असते, त्याला काँडाइल म्हणतात. एका बाजूचे काँडाइल गरजेपेक्षा जास्त किंवा वाढीचे वय उलटल्यावरही वाढत राहिले, की हनुवटी विरुद्ध बाजूला सरकते, वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत आणि चेहरा तिरका दिसू लागतो. हा विकार बहुधा १० ते ३० या वयात लक्षात येतो. त्यात स्त्रिया अधिक आढळतात. त्याचे पहिले वर्णन रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३६ मध्ये केले.

वाढ चालू आहे की थांबली, यावर सारा उपचार ठरतो. थांबली असेल, तर जबड्याची हाडे कापून नव्या जागी बसवता येतात. चालू असताना एवढेच केले, तर तिरकेपणा पुन्हा येतो. अशा वेळी काँडाइलचा वरचा काही मिलिमीटर थर काढून वाढीचे केंद्रच नाहीसे करतात.

वाढ चालू आहे की नाही, हे ठरवायला अस्थि-स्कॅनची मदत होते. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी समस्थानिकाने अंकित केलेले मिथिलीन डायफॉस्फोनेट शिरेतून टोचतात. जिथे नवे हाड बनत असते तिथे ते जास्त साठते. दोन ते चार तासांनी गॅमा कॅमेऱ्याने चित्रण होते. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाल सुमारे सहा तासांचा असतो. भारतात अशी औषधे पुरवणाऱ्यांत नवी मुंबईतील वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आहे.

स्पेक्ट या त्रिमितीय चित्रणात दोन्ही काँडाइलमधील साठा मोजून त्याची वाटणी टक्क्यांत मांडतात. उजवीकडे ५८ आणि डावीकडे ४२ आले, तर उजवी बाजू सक्रिय असल्याचा संशय घेतात. १० टक्क्यांचा फरक ही रूढ मर्यादा आहे. मात्र आकडा फसवाही असतो. संधिवात, संसर्ग किंवा जुना मार यांनीही साठा वाढतो. उलट, दुसरीच बाजू रोगट होऊन मंदावली असेल, तर निरोगी बाजू उगाच ‘सक्रिय’ ठरते. वाढत्या मुलांत तर दोन्ही बाजू मुळातच उजळ दिसतात.

म्हणून एकट्या स्कॅनवर शस्त्रक्रिया ठरवू नये. दातांचे प्लास्टरचे साचे, क्ष-किरण चित्रे आणि जुने फोटो (दहावीच्या हॉलतिकिटावरचासुद्धा) शेजारी ठेवून पाहावेत. शंका उरल्यास सहा महिने ते वर्षभराने साचे पुन्हा घेऊन ताडून पाहतात. त्यांत फरक वाढलेला दिसला, तर स्कॅन सामान्य असला तरी वाढ थांबली असे मानत नाहीत.