पॅकेटवर 'जैविक' लिहिताय? थांबा! भाटघरच्या तांदळासाठी पीजीएस प्रमाणपत्राचा अर्ज कसा करायचा, स्टेप बाय स्टेप

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमचं गाव भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला, वेल्ह्याच्या अंगाला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, काका गावाकडे इंद्रायणी भात करतात. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं की काकांचा तांदूळ थेट व्हॉट्सअ‍ॅपवरून विकायचा. एका रात्रीत कॅनव्हावर पॅकेटचं डिझाइन केलं, गूगलवरून 'जैविक भारत'चा हिरवा लोगो उचलला आणि कोपऱ्यात चिकटवला. दिसायला एकदम प्रोफेशनल!

दुसऱ्याच आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला: "लोगो आहे, पण प्रमाणपत्र क्रमांक कुठे आहे? माझ्या बाळासाठी घेतलाय."

क्रमांक नव्हता. कारण प्रमाणपत्रच नव्हतं. मी काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अरे, आपण शेणखतच टाकतो. पण खालच्या दोन खाचरांत मागल्या साली ब्रिकेट टाकल्या होत्या." म्हणजे लोगोच नाही, पॅकेटवरचा दावाही खोटा होता. ताईंना पैसे परत केले, उरलेल्या पॅकेटांवरची लेबलं खरवडून काढली आणि मग हा सगळा विषय नीट समजून घेतला. तुमच्या घरी शेती असेल आणि 'तू इंजिनिअर आहेस, तूच बघ' असं काम तुमच्याकडे आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

आधी हे समजून घ्या: कोणतं लेबल कशासाठी?

'पर्यावरणपूरक' असं एकच सर्टिफिकेट नसतं. वस्तू कोणती, त्यावर लेबल ठरतं.

- इकोमार्क: केंद्र सरकारची ही योजना १९९१ सालची, चिन्ह मातीच्या मडक्याचं. साबण, कागद, रंग अशा कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंसाठी. २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. अर्ज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. आपल्या तांदळाचा याच्याशी संबंध नाही.
- बीईई स्टार लेबल: फ्रिज, एसी, पंखा यांच्यावरचे तारे. हे वीजबचतीचं लेबल आहे.
- एनपीओपी: २००१ पासूनचं जैविक प्रमाणीकरण. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते. माल निर्यात करायचा असेल तर हा मार्ग. खर्च आणि कागदपत्रं दोन्ही जास्त.
- पीजीएस-इंडिया: २०११ पासूनची 'सहभागी हमी पद्धत'. लहान शेतकऱ्यांसाठी, देशातल्या विक्रीसाठी. प्रमाणपत्राची सरकारी फी नाही.
- जैविक भारत लोगो: हा एफएसएसएआयचा. हिरव्या गोलात पान आणि बरोबरची खूण. एनपीओपी किंवा पीजीएस यांपैकी एक प्रमाणपत्र हातात असेल तरच तो वापरता येतो. मी नेमकं इथेच माती खाल्ली.

दोन-चार एकर भात आणि पुण्यातलं गिऱ्हाईक असेल, तर उत्तर सरळ आहे: पीजीएस.

पीजीएसमध्ये तपासतं कोण?

शेतकरीच. आपल्या भाषेत सांगायचं तर हा 'पीअर रिव्ह्यू' आहे. तुम्ही कोड लिहिता आणि टीममधले बाकीचे तो तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तसंच. इथे एकमेकांची शेतं तपासतात. जवळपासच्या किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो. गटाच्या वर असते प्रादेशिक परिषद. ती कागद तपासते, मंजुरी देते, आणि वाटलं तर मालाचा नमुना उचलून रासायनिक अंशाची तपासणीही करू शकते.

थोडक्यात, एकट्याने अर्ज करताच येत नाही. फॉर्म भरायला मला एक संध्याकाळ लागली, पण पाचवा माणूस मिळायला अडीच महिने लागले. त्याबद्दल पुढे सांगतो.

अर्जाआधी काय गोळा करायचं?

- प्रत्येक सभासदाचं आधार आणि मोबाइल नंबर
- सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे खेटे घालायची गरज नाही
- शेताचा साधा नकाशा: कुठलं खाचर कुणाचं, पाणी कुठून येतं, कुठे जातं
- शेताचा इतिहास: मागच्या वर्षांत कोणतं पीक, कोणतं खत, कोणतं औषध
- रासायनिक खत किंवा औषध शेवटचं कधी वापरलं ती तारीख

ही शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची. हंगामी पिकांसाठी साधारण २४ महिन्यांचा परिवर्तनकाळ धरतात, आणि घड्याळ शेवटच्या वापरापासून पुढे मोजलं जातं. फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकांना ३६ महिने. भातात चारसूत्री लागवड करणारे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट खोचतात. त्या 'गोळ्या' आहेत, गोणीतलं खत नाही, म्हणून घरात कुणी त्यांना रासायनिक धरतच नाही. विचारताना नाव घेऊन विचारा.

आता प्रत्यक्ष पायऱ्या

१. गट तयार करा. किमान ५ शेतकरी, एकाच किंवा शेजारच्या गावातले. गटाला नाव द्या, एक प्रमुख निवडा, पहिल्या बैठकीची नोंद वहीत करा आणि सह्या घ्या.

२. प्रतिज्ञा. प्रत्येक सभासद पीजीएसचे मानक वाचून, समजून प्रतिज्ञापत्रावर सही करतो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. नुसता अंगठा घेऊन काम उरकू नका.

३. ऑनलाइन नोंदणी. पीजीएस-इंडियाच्या सरकारी पोर्टलवर प्रादेशिक परिषद निवडून स्थानिक गट म्हणून अर्ज करा. परिषदेने मान्यता दिली की गटाचा आणि प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा क्रमांक तयार होतो. परिषद कोणती निवडायची हे कळत नसेल तर गावच्या कृषी सहायकांना भेटा. परंपरागत कृषी विकास योजनेत तुमच्या भागात आधीच गट चालू असेल तर तेच सांगतील.

४. शेतडायरी. बियाणं कुठून आणलं, शेणखत किती, जीवामृत कधी, दशपर्णी अर्क कधी फवारला, कापणी-मळणी कधी. जेव्हाचं तेव्हा लिहायचं.

५. सहकारी तपासणी. हंगामात प्रत्येक शेताला गटातले किमान तिघे भेट देतात. त्यातल्या एकाला तरी तपासणी फॉर्म भरता आला पाहिजे. खताची खोली, फवारणी पंप, बियाण्याची पिशवी, बांध, सगळं बघायचं.

६. गटाचा निर्णय. बैठक घेऊन कोण पास, कोण नाही हे ठरवायचं आणि सारांश पत्रक पोर्टलवर भरायचं.

७. परिषदेची मंजुरी. सगळं बरोबर असेल तर प्रमाणपत्र तयार होतं, त्यावर युनिक क्रमांक असतो. मुदत १२ महिने. दरवर्षी तपासणी आणि नूतनीकरण.

फोन कुठे कामाला येतो?

धरणाच्या आतल्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नाही. म्हणून मी तीन गोष्टी केल्या.

एक, काका रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट टाकतात: "आज वरच्या तीन खाचरांत जीवामृत सोडलं." रेंज आली की ती माझ्याकडे पोचते, मी शीटमध्ये लिहितो, रविवारी वहीत उतरवून काका सही करतात. दोन, तपासणीच्या वेळी लोकेशन आणि तारीख येणारे फोटो काढायचे. तीन, ई-पीक पाहणी अ‍ॅपमधली नोंद आणि डायरी जुळतेय ना, ते बघायचं. एकीकडे इंद्रायणी आणि दुसरीकडे आंबेमोहर असं झालं तर उगाच प्रश्न येतात.

एक कबुली. सुरुवातीला मागच्या चार महिन्यांची डायरी मी एका बैठकीत 'अंदाजे' भरायला घेतली होती. काकांनीच थांबवलं. म्हणाले, "मला आठवत नाही ते तुला कसं आठवतं?" डायरी त्या दिवसापासून सुरू केली. मागचं जे आठवत होतं ते 'इतिहास' या रकान्यात लिहिलं.

आमच्याकडे अडलं कुठे?

भाटघर धरण, म्हणजे येसाजी कंक जलाशय, वेळवंडी नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलं. तेव्हा लॉईड डॅम म्हणायचे. पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. वर आमच्याकडे राहिली ती डोंगरउताराची खाचरं आणि पावसावरचा भात. यातून तीन अडचणी आल्या, आणि बऱ्याच मावळी गावांत त्याच येतील.

पाणी खाचरातून खाचरात उतरतं. वरच्याने युरिया टाकला की पावसाच्या पाण्याबरोबर तो खालच्याच्या भातात. आमच्या वरची खाचरं ज्यांची, ते गटात यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं: "पहिल्या सालात उतारा पडला तर माझ्या पोराची फी तू भरणार का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दोन गोष्टी झाल्या. आम्ही बांधालगत चर काढून त्यांचं पाणी बाजूच्या ओहोळात वळवलं. आणि त्यांना सांगितलं की पहिल्या वर्षीचा तुमचा भात आपण लेबलशिवाय, पण गटाच्याच गिऱ्हाइकांना 'परिवर्तन सुरू आहे' असं सांगून विकू. त्यांनी अर्ध्या खाचरांपासून सुरुवात केली, उरलेली २४ महिन्यांच्या आत आणायची. पाचवे सभासद तेच.

गाळपेर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडते, काही जण तिथे पीक घेतात. ती जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावाची नसते. तिचं पीक प्रमाणपत्राच्या तांदळात मिसळू नका आणि तिथे काय वापरता तेही गटाला सांगा. पीजीएसमध्ये शेतकऱ्याचं सगळं शेत बघतात, सोयीचं तेवढंच नाही.

भातगिरणी. गिरणी सगळ्या गावाची एकच. आधीच्या माणसाचा तांदूळ आत उरलेला असतो. आम्ही गिरणीवाल्यांशी बोलून सकाळचा पहिला नंबर घेतो, आधीचं झाडून घेतो, सुरुवातीचे काही किलो घरी खायला ठेवतो आणि मगच पोत्यावर गट क्रमांक टाकतो.

पॅकेटवर काय लिहायचं, काय नाही?

- परिवर्तनकाळात दर्जा पीजीएस-ग्रीन. यावर 'जैविक' किंवा 'ऑरगॅनिक' लिहायचं नाही, जैविक भारत लोगोही नाही.
- काळ पूर्ण झाल्यावर पीजीएस-ऑरगॅनिक. मग प्रमाणपत्र क्रमांकासह जैविक भारत लोगो.
- पॅकेट करून विकताय तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही लागतो. छोट्या विक्रेत्यासाठी फॉस्कॉस पोर्टलवर बेसिक नोंदणी होते.
- थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे. पण सूट आहे म्हणून लोगो लावता येत नाही!
- '१००% नैसर्गिक', 'इको-फ्रेंडली' असं हवेत लिहिणंही टाळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्यात. दावा केला तर पुरावा दाखवता आला पाहिजे.

आणि हो, 'दोन हजारांत दोन दिवसांत ऑरगॅनिक सर्टिफिकेट' असे मेसेज येतात. २४ महिन्यांचं काम दोन दिवसांत होत असेल तर समजून जा.

तुम्ही ग्राहक असाल तर एका मिनिटात तपासा

लोगोखाली क्रमांक आहे का, बघा. एफएसएसएआयचा क्रमांक 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपमध्ये टाका. पीजीएसचा असेल तर विक्रेत्याकडे प्रमाणपत्राचा फोटो मागा, मुदत आणि पिकाचं नाव वाचा. प्रमाणपत्र हळदीचं आणि विक्री तांदळाची, असंही होतं. विचारायला लाजू नका. त्या ताईंनी विचारलं म्हणूनच आमचं सगळं सुरू झालं.

सध्या आम्ही कुठे आहोत?

गट नोंदला गेलाय, एका हंगामाची तपासणी झालीय. काकांची वरची खाचरं पुढे आहेत, ब्रिकेटवाली दोन मागे. पॅकेटवर आता लोगो नाही. मागच्या बाजूला चार ओळी आहेत: कुठल्या खाचराचा तांदूळ, शेवटचं रासायनिक खत कधी टाकलं, गट क्रमांक आणि काकांचा फोन नंबर. पहिल्या वर्षीपेक्षा विक्री कमी झाली, हे खरं. पण त्या ताईंनी परत ५ किलो मागवला, आणि यावेळी खालच्या दोन खाचरांचं काय झालं, तेही विचारलं.

तुमच्या गावात गट करायचा असेल तर पोर्टल नंतर उघडा. आधी तुमच्या वरच्या खाचरवाल्याकडे चहाला जा.