प्रयोगशाळेतून वस्तीकडे: लिंडा फ्लॉवर यांचे लेखन-अध्यापन

अमेरिकी विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांत लेखन शिकवण्याचे काम दीर्घकाळ दुय्यम मानले जाई. प्रतिष्ठा साहित्यसमीक्षेला होती. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापिका लिंडा फ्लॉवर यांनी या उपेक्षित कामालाच संशोधनाचा विषय केले आणि पुढे ते विद्यापीठाच्या आवाराबाहेर नेले, म्हणून त्यांच्या कारकिर्दीला ऐतिहासिक महत्त्व आहे.

मानसशास्त्रज्ञ जॉन हेज यांच्यासह १९८१ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी लेखन ही बोधात्मक प्रक्रिया, म्हणजे मनात चालणारी विचारक्रिया, असल्याचे मांडले. लिहिताना जे सुचेल ते मोठ्याने बोलत राहण्यास लेखकाला सांगायचे आणि त्या बोलण्यावरून नियोजन, शब्दांकन व फेरतपासणी एकमेकींत कशा गुंततात हे शोधायचे, अशी त्यांची पद्धत होती. यात लेखक समाजापासून तुटलेला दिसतो, असा आक्षेप पॅट्रिशिया बिझेल यांनी १९८२ मध्ये घेतला, आणि तो रास्तच होता.

त्यानंतरच्या दशकातील फ्लॉवर यांचे काम या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. पिट्सबर्गच्या नॉर्थ साइड भागात 'कम्युनिटी हाउस' ही सेटलमेंट परंपरेतील संस्था होती; सुशिक्षितांनी गरीब वस्तीत राहून तेथील रहिवाशांसोबत काम करावे, ही लंडनच्या टॉयन्बी हॉलने (१८८४) आणि शिकागोच्या हल हाउसने (१८८९) रुजवलेली परंपरा. या संस्थेचे वेन पेक यांच्याबरोबर फ्लॉवर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'कम्युनिटी लिटरसी सेंटर' उभारले. तेथे वस्तीतील किशोरवयीन मुले शाळेतून होणारे निलंबन किंवा हिंसा यांसारख्या स्वतःच्या प्रश्नांवर लिहीत, विद्यापीठाचे विद्यार्थी त्यांना साहाय्य करीत, आणि शेवटी पुस्तिका छापून शिक्षक, अधिकारी व शेजारी यांच्यासमोर जाहीर चर्चा होई. निलंबनाविषयी लिहिणाऱ्या मुलाने आपली तक्रार मांडावीच, पण त्याच प्रसंगाकडे शिक्षक कसा पाहील तेही लिहावे, या प्रतिपक्षाच्या शोधाला फ्लॉवर विशेष महत्त्व देत. साहाय्यक विद्यार्थ्याने मुलाचे वाक्य सुधारून द्यायचे नव्हते, तर त्याचा विचार प्रश्नांनी उलगडत न्यायचा होता. मोठ्याने विचार करायला लावण्याची प्रयोगशाळेतील सवय येथे लक्षपूर्वक ऐकण्याच्या रूपाने टिकून राहिली, आणि ती टिकली हेच या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे सातत्य होय.

१९९५ मध्ये पेक, फ्लॉवर व लॉरेन हिगिन्स यांनी या कामाची तात्त्विक मांडणी केली. मात्र सत्र संपले की विद्यार्थी निघून जातात आणि चर्चेस आलेल्या अधिकाऱ्यांवर कोणतेही बंधन राहत नाही, ही अशा उपक्रमांतील खरी उणीव आहे. फ्लॉवर यांच्या २००८ मधील ग्रंथाचा भर त्यामुळे इतरांच्या वतीने बोलण्यापेक्षा इतरांसह बोलण्यावर आहे. वस्तीतील माणसाचा अनुभव हे ज्ञानच आहे, असे मानूनच अभ्यासकाने त्या संवादात उतरावे, अशी त्यांची अपेक्षा आहे.