बहिःस्थ परीक्षेपासून ऑनलाइन वर्गापर्यंत : दूरच्या विद्यार्थ्याला अभ्यासात टिकवण्याचा इतिहास (सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि काही आठवड्यांतच महाविद्यालयांचे वर्ग संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले. सोलापूर जिल्ह्यातील प्राध्यापकवर्गापुढे त्या वेळी एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. विद्यार्थी पटावर आहे, पडद्यावरील काळ्या चौकटीत त्याचे नावही दिसते. परंतु तो तेथे आहे काय? हा प्रश्न नव्या तंत्रज्ञानातून निर्माण झाला असे बहुतेकांनी गृहीत धरले. त्यावर सुचविले गेलेले उपायही तंत्रज्ञानाचेच होते. वस्तुतः डोळ्यांसमोर नसलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासात टिकवून कसे धरावे, हा प्रश्न या विभागात कित्येक दशके जुना आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

या मागोव्यातून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. टपाल, दूरदर्शन, उपग्रह, इंटरनेट अशी माध्यमे बदलत गेली. परंतु विद्यार्थ्याला टिकवणारी गोष्ट फारशी बदलली नाही. त्याने लिहिलेले कोणीतरी ठरावीक मुदतीत वाचते आणि त्याला उत्तर देते, ही ती गोष्ट होय. आणि हे काम करणाऱ्या माणसाची दखल जवळजवळ प्रत्येक व्यवस्थेने सर्वांत शेवटी घेतली.

बहिःस्थ विद्यार्थी :

इ.स. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी व महाविद्यालयाने शिकवावे, अशी ती विभागणी. लंडन विद्यापीठाने पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, कोणत्याही महाविद्यालयात नाव नसलेल्यांनाही पदवी परीक्षेस बसण्याची मुभा दिली. मुंबईने ही मोकळीक घेतली नाही. पदवीसाठी महाविद्यालयात 'टर्म' भरणे आवश्यक राहिले. सोलापूरच्या दृष्टीने याचा अर्थ फार कठोर होता. गिरण्यांमुळे भरभराटीस आलेल्या या शहरात दयानंद महाविद्यालय सुरू झाले ते १९४० मध्ये. तोपर्यंत पदवीची वाट पुण्या-मुंबईकडेच जात असे, आणि ती वाट ज्यांना परवडत नव्हती त्यांचे शिक्षण मॅट्रिकला थांबत असे. पुढे १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय व १९६२ मध्ये वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय आले. दरम्यान सोलापूरचे विद्यापीठही बदलत राहिले : मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोल्हापूरशी जोडलेल्या या जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले २००४ मध्ये.

विद्यापीठांनी बहिःस्थ परीक्षार्थींना दारे उघडली तेव्हा त्याचा लाभ घेणारा वर्ग अर्थातच नोकरदारांचा होता. प्राथमिक शिक्षक, कारकून, एस.टी.तील कर्मचारी, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया. अर्ज भरायचा, अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळवायची, बाजारातले गाईड घ्यायचे आणि परीक्षेच्या दिवशी बैठक क्रमांक शोधायचा. अर्ज आणि परीक्षा यांच्यामध्ये जवळजवळ वर्षभराची शांतता असे. या पद्धतीची हेटाळणी करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. तालुक्याच्या गावी राहून बी.ए. झालेल्या अनेक शिक्षकांपुढे दुसरा मार्गच नव्हता. तथापि एक बाब नोंदवली पाहिजे. अर्ज भरून परीक्षेला न आलेल्या उमेदवारापुढे निकालपत्रकात 'गैरहजर' असा शेरा पडे आणि विषय तेथे संपे. तो का आला नाही, कोणत्या महिन्यात त्याने पुस्तक मिटले, हे विचारणारे कोणी नव्हते. गळती ही संकल्पनाच त्या व्यवस्थेत संभवत नव्हती. ज्याला कोणी धरलेलेच नाही तो गळणार कसा?

टपालाचा धडा :

दुसरी परंपरा याहून वेगळी. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त टपाल सुरू होताच आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने द्यावयास आरंभ केला. विद्यार्थी सराव करून कागद परत पाठवी आणि तो दुरुस्त होऊन पुन्हा त्याच्याकडे येई. पिटमन यांचे वैशिष्ट्य धडे पाठवण्यात नव्हते, कारण छापील पुस्तकही ते काम करू शकले असते. वैशिष्ट्य त्या परत येणाऱ्या कागदात होते. भारतात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थीही १९७१ मधलेच. या तिसऱ्या संस्थेची ख्याती दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांमुळे झाली. परंतु तिचा कणा होता तो विद्यार्थ्याचा स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर अभिप्राय लिहिणारा शिक्षक. स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाला मार्गदर्शित संवादाचे रूप मानले, ते याच अर्थाने. आपल्याकडे मात्र दूरचित्रवाणी दिसली, अभिप्राय दिसला नाही.

त्याचे उदाहरण म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा उपक्रम घेता येतो. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवरून तो प्रसारित होऊ लागला. कार्यक्रम मेहनतीने केलेले होते. पण ते मुख्यतः इंग्रजीत आणि दिवसाच्या वेळी. ज्या नोकरदाराला त्यांची गरज होती तो त्या वेळी कामावर असे. शिवाय पडद्याला प्रश्न विचारता येत नव्हता.

मुक्त विद्यापीठ आणि संमंत्रक :

महाराष्ट्राने या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार केला तो यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रूपाने. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे हे विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे त्यापूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे पारंपरिक विद्यापीठाचे सामर्थ्य व मर्यादा त्यांनी आतून पाहिल्या होत्या. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आज भिंतीवरच्या वाक्याइतके परिचित झाले आहे, त्यामुळे त्यामागील रचनेकडे दुर्लक्ष होते. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, मराठीतून लिहिलेली स्वयं-अध्ययन पुस्तके, आणि आधीपासून उभ्या असलेल्या महाविद्यालयांत चालणारी अभ्यासकेंद्रे, ही ती रचना.

पुस्तकाच्या बांधणीकडे पाहिले तर हेतू स्पष्ट होतो. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, विवेचनाच्या मध्ये थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी उत्तरे ताडून पाहण्याची सोय. एकट्याने वाचणाऱ्याला पुस्तकाने मध्येच अडवावे, असा हा प्रयत्न होता. परंतु पुस्तकावर सर्व भिस्त ठेवलेली नव्हती. विद्यापीठाने 'संमंत्रक' हा शब्द रूढ केला. तो व्याख्याता नव्हे, शिकवणी घेणाराही नव्हे. विद्यार्थ्याने स्वतः वाचून आणलेल्या अडचणी सोडवणारा, त्याचे गृहपाठ तपासणारा. सुट्टीच्या दिवशी महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात संमंत्रण सत्रे भरत. सोलापूरसारख्या शहरात या सत्राला आलेल्यांची घरची भाषा मराठी असेलच असे नव्हते. यंत्रमागाच्या वस्तीतील घरांत तेलुगू, अक्कलकोटकडील गावांत कन्नड, शिवाय उर्दू. मराठी पुस्तकातील पारिभाषिक शब्दाशी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला तो शब्द दोन वाक्यांत उलगडून सांगणारा माणूस समोर असणे, ही येथे चैन नव्हती.

ही रचना सर्वत्र कल्पिल्याप्रमाणे चालली असे म्हणता येत नाही. जेथे सत्रांना उपस्थिती ऐच्छिक होती तेथे ती रोडावत गेली. गृहपाठ एकमेकांचे पाहून उतरवले जात; तपासणाराही शेवटच्या आठवड्यात गठ्ठा हातावेगळा करी. अशा ठिकाणी अभ्यासकेंद्र म्हणजे प्रवेशअर्ज घेण्याची व परीक्षा भरवण्याची जागा उरली, आणि जुनी बहिःस्थ पद्धती नव्या नावाने परत आली. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठीच्या बी.एड. शिक्षणक्रमात प्रत्यक्ष कार्यशाळा व पाठ अनिवार्य असल्यामुळे तेथे हा घसारा कमी राहणे स्वाभाविक होते. दोष विद्यार्थ्याच्या आळसात शोधण्याची सवय प्राध्यापकवर्गाला आहे. परंतु आपला कागद कोणी वाचत नाही हे कळल्यावर मन लावून लिहिणारा विद्यार्थी विरळाच.

उपग्रह ते स्वयम् :

सप्टेंबर २००४ मध्ये एड्युसॅट हा शैक्षणिक उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात महाराष्ट्रातून मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. २०१० मध्ये त्या उपग्रहाची सेवा संपली. याच दशकात राज्यभर पसरलेल्या एम.एस.-सी.आय.टी. या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचा अनुभव वास्तविक अधिक बोलका आहे. धडे संगणकावर होते, पण ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तुकडीत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केंद्रात बसून करावयाचे होते. उच्च शिक्षणाच्या चर्चेत या अनुभवाचा उल्लेख क्वचितच होतो, हे खेदाचे आहे.

मुंबईच्या आय.आय.टी.ने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा जो प्रकल्प हाती घेतला त्याची रचनाही लक्षणीय होती. तज्ज्ञाचे व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित होई, परंतु प्रयोग व स्वाध्याय हे देशभरच्या दूरस्थ केंद्रांत, तेथील प्राध्यापक-समन्वयकाच्या उपस्थितीत होत. सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अशा केंद्रांपैकी एक होय. याच आय.आय.टी.तील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी पुढे अध्ययनार्थी-केंद्री मूकची रचना मांडली. तीत चित्रफितीच्या मध्ये थांबून उत्तर द्यावयास लावणारे प्रश्न आहेत, कृतीवर तत्काळ अभिप्राय आहे, आणि अध्ययनार्थींनी एकमेकांशी चर्चा करण्याची योजना आहे. मुक्त विद्यापीठाच्या जुन्या पुस्तकातील 'स्वयं-अध्ययन प्रश्न' ज्याने सोडवले आहेत त्याला यातील पहिली युक्ती ओळखीची वाटेल.

मूक अभ्यासक्रमांचा जागतिक अनुभव या संदर्भात विसरता येत नाही. हार्वर्ड व एम.आय.टी. यांनी आपल्या पहिल्या १७ अभ्यासक्रमांचा अहवाल जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. नोंदण्या ८,४१,६८७, प्रमाणपत्र मिळवणारे ४३,१९६, आणि नोंदणीनंतर आशयाकडे एकदाही न फिरकलेले २,९२,८५२. जगातील नामांकित अध्यापक, उत्तम चित्रीकरण, शुल्क नाही, आणि तरीही हे प्रमाण. प्रमाणपत्र हाच यशाचा एकमेव निकष मानू नये, हा त्या अहवालाचा युक्तिवाद मान्य केला तरी शेवटचा आकडा आपल्या 'गैरहजर' शेऱ्याची आठवण करून देतो.

भारताचे 'स्वयम्' व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. चित्रफिती, लेखी साहित्य, चर्चा आणि मूल्यमापन हे त्याचे चार पाद. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमनाने त्यातील श्रेयांकांना २० टक्क्यांपर्यंत मान्यता दिली, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. २०१६ च्या त्या नियमनातील एक तरतूद मात्र फारशी चर्चिली गेली नाही. विद्यार्थ्याला अभ्यासक्रमभर मार्गदर्शन करण्यासाठी त्याच्या मूळ संस्थेने एक समन्वयक नेमावा, असे तेथे म्हटले आहे. एन.पी.टी.ई.एल.च्या स्थानिक केंद्रांतही महाविद्यालयातील मार्गदर्शक असतोच. नाशिकच्या संमंत्रकाचेच हे दुसरे नाव.

टाळेबंदीचा काळ व नंतर :

या पार्श्वभूमीवर २०२० चा अनुभव पाहिला पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. सांगोला किंवा करमाळा तालुक्यातील वस्तीवर एकाच भ्रमणध्वनीवर दोन भावंडांचे वर्ग भरत असतील, तर पडद्यावरील नाव आणि विद्यार्थी यांत अंतर पडणारच. तरीही साधनांचा अभाव हे अर्धेच कारण म्हणावे लागेल. वर्गाचे जे रूप पडद्यावर आणले गेले ते एकतर्फी व्याख्यानाचे होते, म्हणजे १९८४ च्या दूरदर्शनचेच. फक्त हजेरी तेवढी आता नोंदली जाऊ लागली. किती मिनिटे कोण जोडलेला होता हे यंत्र अचूक सांगे, आणि त्या आकड्यालाच सहभाग म्हटले गेले. दुसरीकडे अनेक प्राध्यापकांनी व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवून, वहीच्या पानाची छायाचित्रे मागवून, रात्री उशिरा ती तपासून परत केली. पिटमन यांचा कागद पुन्हा प्रवासाला निघाला होता. या कामाची नोंद कोठेही झाली नाही.

ती न होण्याचे कारण नियमांतच आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमनात सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन धरले होते. त्याच नियमनाच्या गुणांकन तक्त्यात चार पादांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणाऱ्यास २० गुण होते. तो पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वाध्याय आपल्या गावी बसून वाचणाऱ्यासाठी वेगळी ओळ नव्हती. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. मंजूर पदे रिक्त राहिल्याने अनेक महाविद्यालयांतील अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षक सांभाळतात. त्यांना मानधन घेतलेल्या तासिकेचे मिळते, तपासलेल्या पानाचे नाही. ऑनलाइन श्रेयांकांचा वाटा वाढवण्याचे निर्णय होत असताना, मूळ संस्थेने नेमावयाचा तो समन्वयक बहुधा याच शिक्षकांतून निवडला जाणार आहे. त्याच्या आठवड्यातील किती तास या कामासाठी धरावयाचे, हे विद्यापीठांच्या कार्यभार-तक्त्यांत लिहिले जाणे आवश्यक आहे.