प्रोकार : बरोबरीच्या गाड्यांची शर्यत

सर्व स्पर्धकांना एकाच बनावटीची गाडी दिली, की यंत्राचा वरचढपणा बाजूला पडून चालकाचे कसब दिसू लागते. या तत्त्वावरील शर्यतींत १९७९ व १९८० मध्ये युरोपात झालेली ‘प्रोकार’ मालिका विशेष गाजली. तिची गाडी होती बीएमडब्ल्यूची ‘एम-१’.

मालिकेचा उगम मात्र अडचणीत होता. पोर्शला शह देण्यासाठी बीएमडब्ल्यूने ही गाडी आखली. इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले, आणि बाह्यरूप इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांचे. उत्पादनाचे काम लॅम्बोर्गिनीकडे होते. पण ती कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि काम रखडले. शर्यतीची मान्यता मिळण्यासाठी ४०० गाड्या तयार होणे आवश्यक होते. तोवर गाडी नुसती उभी ठेवण्यापेक्षा तिच्यासाठी स्वतंत्र शर्यतच निर्माण करावी, ही कल्पना बीएमडब्ल्यूच्या शर्यत विभागाचे प्रमुख योखेन नीरपाश यांची.

बहुतेक फेऱ्या फॉर्म्युला वनच्या युरोपीय शर्यतींच्या जोडीने होत. फॉर्म्युला वनच्या सरावात वेगवान ठरलेल्या पाच चालकांना कंपनीच्या गाड्या मिळत. उरलेल्या गाड्या खासगी संघांच्या. रस्त्यावरील ‘एम-१’चे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन २७७ अश्वशक्तीचे होते, शर्यतीच्या गाडीत ते सुमारे ४७० पर्यंत नेलेले असे.

१९७९ चे विजेतेपद निकी लाउडाने मिळवले, तेही कंपनीच्या नव्हे, तर रॉन डेनिस यांच्या ‘प्रोजेक्ट फोर’ या खासगी संघाच्या गाडीतून. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये त्याच्या ब्राबहॅमने वारंवार दगा दिला; तिथे त्याची वर्षभराची कमाई अवघे ४ गुण! दोन तक्त्यांतील ही तफावत या मालिकेचे सर्वांत बोलके फलित म्हणावे लागेल.

तरीही ही कसोटी पूर्णतः निखळ नव्हती. प्रोकारच्या गाड्या गुडइयरच्या टायरवर धावत, त्यामुळे मिशेलिन वापरणाऱ्या फेरारी व रेनॉ संघांचे चालक बाहेरच राहिले. म्हणजेच १९७९ चा जगज्जेता जोडी शेक्टर आणि उपविजेता जिल व्हिलनव्ह, दोघेही लाउडासमोर उभे ठाकलेच नाहीत.

१९८० चे विजेतेपद नेल्सन पिकेकडे गेले. त्यानंतर बीएमडब्ल्यूने आपले लक्ष ब्राबहॅमसाठी फॉर्म्युला वनचे टर्बो इंजिन घडवण्याकडे वळवले आणि मालिका संपली. त्याच इंजिनाच्या बळावर १९८३ मध्ये पिके जगज्जेता झाला.